एकही झाड न लावलेला माणूस

शिट्टीमामांनी आयुष्यात एकही झाड लावलं नाही. कोणी रोप घेऊन टेकडीकडे निघालेलं दिसलं, की ते गळ्यातली शिट्टी तोंडात धरत आणि अशी जोरात वाजवत की माणूस दचकून जागेवर थांबायचा. मग वरूनच ओरडत, "काय रं, कोणाला पुरायला चालला?" आणि तरीही सुरगाणा तालुक्यातल्या आमच्या पाड्यामागच्या टेकडीवरचं रान त्यांनीच वाढवलेलं होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी कशी खरी आहेत, हे मला नीट सांगता आलं पाहिजे. एकदा मला ते सांगता आलं नव्हतं. त्याचं काय झालं, ते मी पाहिलं आहे.

मामा पाड्याने नेमलेले राखणदार होते. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर. शिट्टी आश्रमशाळेतल्या खेळाच्या गुरुजींनी बदली होताना दिली होती, आणि ती आल्यापासून मामांचं ओरडणं निम्मं झालं, असं माझी आई म्हणते. एक लांब शिट्टी म्हणजे शेळ्या वर चढल्या. दोन तुटक म्हणजे कुऱ्हाडीचा आवाज आला. सलग वाजत राहिली तर वणवा, सगळ्यांनी हातातलं काम टाकून पळायचं. बायका करवंदं काढायला गेल्या तरी शिट्टी वाजायची. खालून एखादी ओरडायची, "ओ मामा, शेळी नाय, मी हाय!" वरून उत्तर यायचं, "शेळीला कळतंय कुठं थांबायचं. तुलाच नाय कळत!"

मी अंगणवाडीत जात होते तेव्हा ती टेकडी उघडी होती. आधीच्या लोकांनी उतारावर नागली, वरई पेरून पेरून माती संपवली होती. उरला होता लाल मुरूम आणि पायाला टोचणारं कुसळी गवत. पाड्याने ठरवलं, टेकडी बंद करायची. कोणी म्हणालं, साग लावू. कोणी म्हणालं, आंबे लावू. मामा म्हणाले, "काय लावू नका. नुसतं कोणाला जाऊ देऊ नका." लोक हसले. फुकट बसून राहायचं काम पाहिजे म्हणून बोलतोय, असंही म्हणाले. मामांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रान लावत नसतात. येतंय त्याच्या वाटंतून आपण बाजूला व्हायचं असतंय."

पहिली काही वर्षं गवत वाढलं, मग घाणेरी, मग एका पावसाळ्यात खरगोल आला. बहुतेकांना हे झाड माहीत नसतं, कारण त्याचा बाजारात काही उपयोग नाही. पान वरून खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं. मागची बाजू पांढुरकी. लाकूड इतकं हलकं की जळणालाही बायका नाक मुरडतात. पण त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि वरचं ऊन मोकळं झालं की उठतं. एका पावसात माणसाएवढं होतं. जिथे दुसरं काहीच उगवायला तयार नसतं, अशा मुरमात ते आधी येतं. मामा त्याच्या खोडावर थाप मारून म्हणायचे, "हा बिनबोलावता येणारा पाव्हणा. पण आला की घर झाडून ठेवतोय."

त्याला मिरीपेक्षा बारीक, काळी फळं लागतात. बुलबुल त्यासाठी दिवसभर झाडावर असतात. मामांचा सगळा हिशोब या बुलबुलांवर होता. "पाखराला बसायला फांदी द्या, बाकी सामान ते घेऊन येतंय," म्हणायचे. मग काठीने खरगोलाखालचा पाचोळा हलकेच बाजूला करून दाखवायचे. खाली खरंच दुसरंच जग असायचं. पाखरांच्या विष्ठेतून पडलेली उंबराची, भोकराची, जांभळाची बोटभर रोपं, आणि कुठून तरी उडून आलेला ऐन. खरगोलाची सावली दाट नसते. रोपांना उन्हाचा चटका बसत नाही आणि ऊन मिळायचंही थांबत नाही. पानं लवकर कुजतात. मामा मूठभर माती उचलून माझ्या हातावर ठेवायचे. वर काळी, बोटाने उकरली तर खाली अजून लाल. "एवढं बोटभर काळं झालंय," ते म्हणायचे, "आन् एवढ्यात आमची दाढी पांढरी झालीय."

राबाच्या दिवसांत मात्र भांडणं व्हायची. आमच्याकडे पावसाआधी भात-नागलीच्या रोपांची जागा भाजून घेतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून पसरतात आणि पेटवतात. यालाच राब म्हणतात. फांद्या तर हव्यात आणि टेकडी बंद. मामांनी तोड काढली. फळं पाखरांनी खाऊन संपली, की खरगोलाच्या निम्म्या फांद्या घराघराला वाटायच्या. कुठली तोडायची ती फांदी मामा स्वतः काठीने दाखवत. ऐनाच्या रोपाला कुऱ्हाडीचा दांडा जरी लागला तरी शिट्टी. "हा पुन्हा फुटंल, याला तोडा," ते म्हणायचे. "त्या पोराला तोडशील तर तुझ्या नातवाला इथं नुसता दगड मिळंल." खरगोलाने स्वतःच्या फांद्या दिल्या म्हणून खालची झाडं वाचली. हे कोणत्याही सभेत ठरलं नव्हतं. एक माणूस काठी घेऊन उभा होता, म्हणून ते चाललं.

बारावीनंतर मी नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकायला आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात एक धडा होता. उजाड जमिनीवर आधी कोणती झाडं येतात, ती माती आणि सावली कशी तयार करतात, मागून दुसरी झाडं येऊन त्यांची जागा कशी घेतात. पहिल्या झाडांना त्यात अग्रणी म्हटलं होतं. अग्रणी झाडाच्या स्वतःच्या बियांना भरपूर ऊन लागतं, म्हणून त्याचीच पोरं त्याच्या सावलीत वाढत नाहीत, असंही होतं. ही तर आमचीच टेकडी होती. गणपतीच्या सुटीत मी पुस्तक घेऊन टेकडीवर गेले आणि मामांना अख्खा धडा वाचून दाखवला. ते मान हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बरोबर लिवलंय. म्हंजी लिवणारा बी नुसता बसून राहिला होता तर."

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जातंय. पण तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलं, तर हा लेख खोटा ठरेल.

त्याच वर्षी एका संस्थेने आमच्या कॉलेजात एक सर्वेक्षण आणलं. कंपन्यांच्या पैशातून झाडं लावणारी संस्था. तिला उजाड टेकड्या शोधून हव्या होत्या. गावाकडच्या मुलांनी दिवाळीच्या सुटीत आपापल्या भागातल्या जागांचे फॉर्म भरून आणायचे होते. मला ओळखपत्र मिळालं, गळ्यात अडकवायचं. मी ते एसटीतही काढलं नाही. फॉर्मवर तीन रकाने होते: उपयोगी वृक्ष, झुडपे व तण, मोकळी जागा. सोबत उपयोगी वृक्षांची यादी. त्यात खरगोल नव्हता. बोटभर, हातभर रोपांना तर रकानाच नव्हता. मी टेकडीवरूनच, कॉलेजात हा प्रकल्प सांभाळणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "यादीत नाही ना? मग झुडपात टाक. डोकं लावू नकोस, फॉर्म स्वच्छ पाहिजे."

मी डोकं लावलं नाही. उपयोगी वृक्ष: तुरळक. झुडपे व तण: बहुतांश. सुंदर अक्षरात लिहिलं.

फॉर्मवर स्थानिक माहितगाराची सही लागत होती. मामा चौथी शिकलेले. अक्षराला अक्षर जोडून वाचायचे. ते कागदावर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "बाय, यात खरगोलाचं नाव कुठं दिसत नाय."

मी म्हणाले, "येईल मामा, शेवटी लिहिणार आहे."

"मग ठीक हाय. तू लिवणार म्हंजी मी वाचलंच," असं म्हणून त्यांनी सही केली. शेवटी लिहायला जागाच नव्हती. ते मला तेव्हाही दिसत होतं.

मे महिन्यात माझी परीक्षा चालू होती तेव्हा आईचा फोन आला. "टेकडीवर जेसीबी चढलाय. तुझ्या कालेजचं नाव सांगत्यात." संस्थेने पाड्याच्या समितीला फळझाडांचं आश्वासन दिलं होतं आणि आधी झुडपं साफ करायचं ठरलं होतं. मामा यंत्रासमोर जाऊन बसले. शिट्टी वाजवत राहिले, वणव्यासारखी, सलग. माणसं पळत आली. तेव्हा संस्थेच्या माणसाने फाइलमधून फॉर्म काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, झुडपं आहेत असं तुम्हीच सांगितलंय. ही सही तुमचीच ना?"

आई सांगते, मामांनी तो कागद बराच वेळ पाहिला. माझं अक्षर त्यांना ओळखू येत होतं. माझी आई तिथेच उभी होती, माझा बापही. मामा एवढंच म्हणाले, "सही माझीच हाय," आणि उठून बाजूला झाले.

दोन दिवसांत टेकडी सोलून निघाली. ऐन, उंबर, भोकर, सगळं झुडपांत गेलं. कारण यंत्राच्या दातांना रोप आणि झुडूप सारखंच.

जुलैत कॉलेजच्या दोन बसगाड्या आल्या. सगळ्यांना एकाच रंगाचे टीशर्ट. वर घिरट्या घालणारा ड्रोन. माइकवर एक मॅडम सांगत होत्या, "आज आपण या उजाड डोंगराला हिरवं करणार आहोत!" मी त्या टीशर्टात उभी होते. घालणार नाही असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही, हेही लिहून ठेवते. खड्डे सरळ रेषेत, चुन्याने आखून घेतलेले. रोपं गुलमोहराची आणि बकुळीची. मामा कडेला उभे होते. एका मुलाने त्यांच्या हातात गुलमोहराचं रोप दिलं, दुसऱ्याने म्हटलं, "बाबा, इकडे बघा, हसा!" मामा हसले नाहीत. फोटो निघाला. ते रोप त्यांनी लावलं नाही, खाली ठेवलं आणि घरी गेले. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

त्या पावसात टेकडीची बोटभर काळी माती आमच्या भातखाचरांत आली, तिथून ओढ्याला गेली. रेषा गेल्या, रोपं गेली. समितीने राखणदाराचं काम बंद केलं, कारण आता संस्थेचं तारेचं कुंपण होतं आणि संस्थेचा पहारेकरी. तो पहिल्या थंडीतच निघून गेला. दिवाळीनंतर पाड्यातली माणसं द्राक्षांच्या कामाला जीपमधून निघतात, तसे त्या वर्षी मामाही निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. टेकडी सोडता येत नाही, म्हणून ते कधी गेले नव्हते. मी सुटीला आले होते. जीपच्या मागच्या फळीवर ते दाटीवाटीत बसले होते, गळ्यात शिट्टी नव्हती. मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं." ते म्हणाले, "गाडी सुटंल, हो बाजूला." मार्चमध्ये पाड्याखालचा झरा आटला. मला आठवतं तेव्हापासून तो कधी आटला नव्हता. आई आता पाण्याला नदीपात्रापर्यंत जाते.

मला राग येतो. त्या यंत्राचा येतो, माइकवरच्या आवाजाचा येतो, तीन रकान्यांचा तर फारच येतो. सगळ्यात जास्त राग मला त्या कार्यक्रमाच्या पत्रकाचा येतो. कॉलेजच्या व्हरांड्यात त्याचा मोठा फलक लावला आहे. त्यावर मामांचा फोटो आहे, हातात गुलमोहर. खाली लिहिलंय, "वृक्षारोपणात सहभागी ग्रामस्थ". मी रोज त्याच्याखालून वर्गात जाते.

तिसऱ्या वर्षी प्रकल्पाच्या सरांनी मला पुन्हा बोलावलं. रोपं जगली नव्हती म्हणून फेरलागवड करायची होती, आणि "तुझा मागचा फॉर्म छान होता." तोच फॉर्म, तेच तीन रकाने. मी टेकडीवर गेले. कुंपण पडलं होतं. आणि उतारभर खरगोल उभा होता, माझ्या डोक्याच्या वर. ज्या ठिकाणी माती उकरली गेली होती, तिथे तर सर्वांत दाट. कोणी बोलावलं नव्हतं. दोन पावसाळे झाले आणि तो आला होता. खाली वाकून मी पाचोळा बाजूला केला. मामा करायचे तसा, हलकेच. फार काही नव्हतं. चार ठिकाणी उंबर. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेला ऐन. मी तिथेच बसून लिहायला लागले. फॉर्म बाजूला ठेवला, वहीची सात पानं भरली. प्रत्येक पट्ट्यात काय आहे, किती उंच आहे, कशाच्या सावलीत आहे. दुपारी आईने भाकरी आणून दिली आणि न विचारता परत गेली.

सही लागत होती. मामा त्या हिवाळ्यातही दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत कामाला होते, तिथे मी गेले. घडांची विरळणी चालू होती. मामा मांडवाखाली, मान वर करून, बारीक कात्रीने घडातले मणी काढत होते. मला पाहून म्हणाले, "इथं बघ, पान बी विचारून फुटतंय." हसले नाहीत, पण बोलले.

मला त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "मामा, पुस्तकात होतं ना, पहिलं झाड दुसऱ्यांसाठी जागा करतं आणि मग जातं. तुम्ही..."

त्यांनी कात्री खाली केली. इतकं चिडलेलं मी त्यांना टेकडीवरही पाहिलं नव्हतं. "झाड म्हातारं होऊन पडतंय, बाय. मला उपटलाय. हे दोन एक नाय. पुस्तकात आसंल तर खोडून टाक."

मला या वाक्याचा राग आला नाही. त्यांनी माझ्यावर एकदा तरी चिडावं, असं मला दीड वर्ष वाटत होतं.

मग मामाच म्हणाले, "कागद कसला?"

मी सही मागितली. ते म्हणाले, "आधी वाच. सगळं. शेवटी काय हाय ते बी."

मी मांडवाखाली उभी राहून सातही पानं मोठ्याने वाचली. बाजूच्या ओळीतल्या बायका थांबून ऐकत होत्या. एक म्हणाली, "येवढी झाडं कोणाच्या मालकीची गं?" मामा तिला म्हणाले, "गप, मोजणी चालू हाय." मी संपवलं. त्यांनी डोळे मिटले होते. टेकडीवरून मनातल्या मनात चालत असावेत.

"वरच्या दगडापाशी भोकर लिवलं नाय तू."

"नव्हतं मामा तिथे. मी पाहिलं."

"दगडाच्या मागनं बघ. मुळातनं फुटलं आसंल. बघून ये, लिव, मग सही."

मी परत गेले. एसटी, मग जीप, मग चढ. दगडाच्या मागे भोकर होतं, वीतभर, दोन पानांचं. लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत गेले. त्यांनी ते पान बोट फिरवत स्वतः वाचलं, आणि सही केली. मी परत चला म्हणाले. ते म्हणाले, "कशाला? टेकडीला आता माझी शिट्टी नको, तुझी सात पानं पुरं." पण ते पुरेसं नाही, हे त्यांना आणि मलाही माहीत होतं.

सरांनी सात पानं पाहून हात जोडले. हे फॉर्मला जोडता येत नाही, म्हणाले. मी म्हणाले, मग माझ्या नावाने फॉर्म देता येणार नाही. या वेळी वाक्य पूर्ण केलं. महिन्याभराने मीच जाऊन विचारलं तेव्हा कळलं की आमच्या टेकडीवर फेरलागवड होणार नाही. मला आनंद व्हायला लागला तोच सर म्हणाले, "दुसरी साइट मिळाली. तिथला फॉर्म एकदम स्वच्छ होता."

ती टेकडी कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. तिथे काय उगवत होतं, तिथे कोणी शिट्टी वाजवत यंत्रासमोर बसलं का, आणि फॉर्म भरणाऱ्या मुलाने कोणाची सही घेतली, हे मला माहीत नाही. आमची टेकडी वाचली हे मी मामांना कळवलं, पण दुसऱ्या टेकडीचं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

व्हरांड्यातला फलक तसाच आहे. मामांच्या फोटोखाली मी एक चिठ्ठी चिकटवते. त्यावर लिहिते, "या माणसाने आयुष्यात एकही झाड लावलं नाही. याच्या हातात रोप तुम्ही दिलंत." कोणीतरी ती संध्याकाळपर्यंत काढून टाकतं. सकाळी मी दुसरी चिकटवते. आज सत्ताविसावी.